कामाच्या वर्षांनंतर पुन्हा अभ्यासाला बसताना: जीमॅटची तयारी कशी करावी

आठ-दहा वर्षं नोकरी झाल्यावर जीमॅटला, म्हणजे बिझनेस स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला, बसायचं ठरवलं, की पहिल्याच आठवड्यात एक धक्का बसतो. पाच अष्टमांश म्हणजे किती टक्के, हे चटकन सांगता येत नाही. रोज मोठमोठे आकडे हाताळणारी माणसंही इथे अडखळतात, कारण इतकी वर्षं आकडेमोड स्प्रेडशीटने केलेली असते. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. हाताची सवय गेलेली असते आणि ती तीन-चार आठवड्यांत परत येते.

जड जाते ती दुसरी सवय मोडणं. प्रश्न सुटेपर्यंत सोडायचा नाही, हा कामाच्या ठिकाणी गुण मानला जातो. या परीक्षेत तोच गुण मार्क खातो. जीमॅट जितकं गणित तपासते तितकाच निर्णयही तपासते: कुठे वेळ घालायचा, कुठे अंदाजाने उत्तर देऊन पुढे जायचं. वयाने मोठ्या उमेदवाराची तयारी या एका गोष्टीभोवती बांधली, तर बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आधी जुना सल्ला बाजूला ठेवा

तुमच्या ओळखीत जीमॅट दिलेलं कोणी असेल, तर त्यांनी ती कधी दिली हे आधी विचारा. नोव्हेंबर 2023 मध्ये परीक्षेचं नवं रूप आलं आणि 31 जानेवारी 2024 नंतर जुनं बंद झालं. निबंध गेला. वाक्यातली व्याकरणाची चूक शोधायचे प्रश्न गेले. क्वांट म्हणजे गणिताच्या विभागातून भूमिती गेली. म्हणजे कपाटातल्या जुन्या पुस्तकाचा बराच भाग आता उपयोगाचा नाही, आणि त्यावर घालवलेला महिना परत मिळत नाही.

आताची परीक्षा 2 तास 15 मिनिटांची आहे. क्वांटचे 21 प्रश्न, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्क) 23, डेटा इनसाइट्सचे (तक्ते-आलेख वाचून निष्कर्ष) 20, प्रत्येक विभागाला 45 मिनिटं. मध्ये 10 मिनिटांची सुट्टी घेता येते. तिन्ही विभाग कोणत्या क्रमाने सोडवायचे ते तुम्ही ठरवता. प्रत्येक विभागाला 60 ते 90 असा स्कोअर मिळतो आणि तिघांचं वजन एकूण स्कोअरमध्ये सारखं असतं. एकूण स्कोअर 205 ते 805, आणि तो नेहमी 5 ने संपतो. जुना स्कोअर शून्याने संपायचा, त्यामुळे कोणता आकडा कुठल्या काळातला ते लगेच ओळखता येतं.

हे ओळखणं फार गरजेचं आहे. जुन्या मोजपट्टीवरचा 700 आजच्या 645 च्या जवळपास बसतो. ‘सातशेच्या खाली काही खरं नाही’ असं पूर्वी म्हणत, ते वाक्य आजच्या परीक्षेला जसंच्या तसं लावलं तर चांगला स्कोअर असूनही माणूस निराश होतो. लक्ष्य ठरवताना ज्या बिझनेस स्कूलला जायचं आहे, तिथल्या अलीकडच्या बॅचचा स्कोअर बघा आणि तो कोणत्या मोजपट्टीवरचा आहे ते तपासा.

जीमॅटच द्यायची का, हाही प्रश्न याच टप्प्यावर सोडवून टाका. बहुतेक बिझनेस स्कूलं जीआरई या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेचा स्कोअरही घेतात. जीआरई आता 1 तास 58 मिनिटांची आहे, तिच्यात एक निबंध आहे, भूमिती आहे, अवघड इंग्रजी शब्दांचा भार जास्त आहे, पण गणितात स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो. जीमॅटच्या क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर नाही, तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो. शब्दसंग्रह दांडगा असेल आणि आकडेमोड नकोशी वाटत असेल, तर जीआरई सोयीची. तर्क चांगला पण शब्द पाठ करायचा कंटाळा, तर जीमॅट. एक्झिक्युटिव्ह एमबीएला (अनुभवी नोकरदारांच्या एमबीएला) जाणार असाल तर एक्झिक्युटिव्ह असेसमेंट नावाची 90 मिनिटांची वेगळी परीक्षा चालते का, तेही विचारून घ्या. जीमॅट आणि जीआरई दोन्हींचे थोडे नमुने सोडवून बघायला एक शनिवार-रविवार पुरतो. त्यानंतर मात्र मागे वळू नका, दोन परीक्षांची तयारी एकत्र होत नाही.

तास मोजा, महिने नव्हे

‘सहा महिने अभ्यास केला’ या वाक्याला काही अर्थ नाही. नोकरी करणाऱ्याला झेपेल असं एक गणित असं: सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास, शनिवार-रविवार तीन-तीन तास. आठवड्याला साडेतेरा तास होतात, आणि 15 आठवड्यांत सुमारे 200 तास. कॉलेजात गणित पक्कं असलेल्याला याहून कमी पुरतील. गणित शाळेनंतर सुटलं असेल तर 20 आठवडे धरा. त्याहून लांबवू नका. सातव्या-आठव्या महिन्यात सुरुवातीला शिकलेलं विसरायला लागतं आणि उत्साहही आटतो.

दीड तास सकाळी, कामाला जाण्याआधी मिळत असेल तर तो सोन्यासारखा. रात्री दहानंतर थकलेल्या डोक्याने केलेला अभ्यास वहीत दिसतो, पण डोक्यात राहत नाही. त्या वेळेला फार तर पाढे, सूत्रं किंवा चुकांची उजळणी ठेवा. घरच्यांना तारखेसकट सांगा: या तारखेपर्यंत शनिवारची सकाळ अभ्यासाची. मोघम सांगितलं की तिसऱ्या आठवड्यात एखादं लग्न, एखादा पाहुणा, एखादं ऑफिसचं काम त्या सकाळीत शिरतं.

परीक्षेची तारीख उलट्या दिशेने काढा. अनेक बिझनेस स्कूलांची अर्जाची पहिली फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. पहिला प्रयत्न अर्जाच्या अंतिम तारखेच्या किमान आठ आठवडे आधी ठेवा. दोन प्रयत्नांमध्ये 16 दिवसांचं अंतर सक्तीचं आहे, आणि अर्जाचे निबंध, शिफारसपत्रं यांनाही वेळ लागतो. स्कोअर पाच वर्षं चालतो. म्हणून पुढच्या वर्षी नक्की जायचं असेल, तर परीक्षा या वर्षीच उरकणं शहाणपणाचं.

पहिले तीन आठवडे आकडेमोड

या तीन आठवड्यांत जीमॅटचा एकही अवघड प्रश्न उघडू नका. शाळेच्या सातवी ते दहावीच्या गणिताची उजळणी करा: अपूर्णांक, दशांश, टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, घातांक, वर्गमूळ, विभाज्यता, मूळ संख्या, ल.सा.वि. आणि म.सा.वि., एकचल आणि द्विचल समीकरणं, वर्गसमीकरण, असमानता. शेवटी थोडी संभाव्यता आणि पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन.

पाठ हव्यातच अशा गोष्टी मोजक्या आहेत. 25 पर्यंतचे वर्ग, 10 पर्यंतचे घन, 2 चे दहाव्या घातापर्यंतचे घात म्हणजे 1024 पर्यंत, शंभरच्या आतल्या 25 मूळ संख्या, आणि अपूर्णांकांचे टक्के: एक षष्ठांश 16.67, एक सप्तमांश 14.29, एक अष्टमांश 12.5, एक नवमांश 11.11, एक अकरांश 9.09. हे हाताशी असलं की पाच अष्टमांश म्हणजे 62.5 हे मनात उमटतं, काढावं लागत नाही. दोन मिनिटांच्या प्रश्नात असे वाचलेले वीस सेकंद फार मोठे असतात.

रोज पंधरा मिनिटं कागदावर किंवा तोंडी आकडेमोड करा. 17 गुणिले 18, 144 भागिले 0.12, 5,043 चे साधारण 20 टक्के. शेवटच्या प्रकाराकडे खास लक्ष द्या. पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर 5,000 चे 20 टक्के म्हणजे 1,000, आणि पुढे चला. अचूक उत्तर काढायची शिस्त कामावर लागलेली असते, इथे पुरेशा अचूकतेची शिस्त लावून घ्यायची आहे.

मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनी एक जादा काम करावं. गणितातले शब्द इंग्रजीत पक्के करा. इंटिजर म्हणजे पूर्णांक, आणि त्यात शून्य व ऋण संख्याही येतात. प्राइम म्हणजे मूळ संख्या, आणि 1 ही मूळ संख्या नाही. फॅक्टर म्हणजे विभाजक, मल्टिपल म्हणजे पट; ही जोडी घाईत हमखास उलटी होते. रिमेंडर म्हणजे बाकी, कॉन्सिक्यूटिव्ह म्हणजे लागोपाठच्या, मीडियन म्हणजे मध्यक. गणित येत असूनही शब्दावर अडकून गेलेला प्रश्न सगळ्यात जास्त जिव्हारी लागतो.

याच काळात ठरावीक सापळे ओळखीचे करून घ्या. किंमत 20 टक्क्यांनी वाढून मग 20 टक्क्यांनी घटली, तर ती मूळ जागी येत नाही, 4 टक्क्यांनी खाली राहते. जाताना ताशी 40 किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना 60, तर सरासरी वेग 50 नसून 48, कारण कमी वेगाच्या प्रवासाला वेळ जास्त लागतो. एक्सचा वर्ग बरोबर चार एक्स असेल, तर दोन्ही बाजूंना एक्सने भागून 4 हे उत्तर लिहिणारा शून्य हे दुसरं उत्तर गमावतो. अशा प्रश्नांत चुकीचं उत्तर पर्यायांमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं. तुमचं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर, असा दिलासा इथे नाही.

पहिली मॉक केव्हा

पहिल्याच दिवशी पूर्ण मॉक टेस्ट, म्हणजे सरावाची पूर्ण परीक्षा, द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. नुकत्याच कॉलेजातून आलेल्याला तो ठीक आहे. दहा वर्षांनी परतणाऱ्याने तो मानू नये. त्या दिवशीचा स्कोअर फक्त गंज मोजतो आणि उगाच खचवतो. शिवाय परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत मॉक टेस्ट फुकटात दोनच मिळतात, बाकीच्या विकत घ्याव्या लागतात. पुन्हा दिल्या तर प्रश्न ओळखीचे यायला लागतात आणि स्कोअर फुगतो. पहिली अधिकृत मॉक चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला, आकडेमोड सरावाची झाल्यावर द्या.

त्या मॉकमधून एकूण स्कोअरपेक्षा तीन गोष्टी काढा. कोणता विभाग सर्वांत मागे आहे. कुठल्या प्रश्नांना तीन मिनिटांहून जास्त वेळ गेला, आणि एवढा वेळ देऊन त्यातले किती बरोबर आले. शेवटच्या पाच प्रश्नांत काय झालं. बहुतेकांना दिसतं, की लांबलेले प्रश्न शेवटी चुकलेच आणि त्यांनी खाल्लेल्या वेळामुळे शेवटचे सोपेही गेले.

चुकांची वही

तयारीचा गाभा इथे आहे. पुस्तकं सगळ्यांची सारखीच असतात, चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. हजार प्रश्न सोडवून ते न तपासणाऱ्यापेक्षा चारशे सोडवून प्रत्येक चूक उलगडणारा पुढे जातो, हे पुन:पुन्हा दिसून येतं.

वही कागदाची असो की स्प्रेडशीट, तिच्यात इतके रकाने हवेत: तारीख, प्रश्न कुठला, विषय, लागलेला वेळ, मी दिलेलं उत्तर, ते का दिलं, चूक कोणत्या जातीची, आणि पुढच्या वेळी काय दिसलं की काय करायचं. ‘का दिलं’ हा रकाना स्पष्टीकरण वाचायच्या आधी भरायचा. स्पष्टीकरण वाचलं की सगळं सोपं वाटतं आणि आपण मुळात काय विचार केला होता ते पुसलं जातं.

चुकीच्या जाती पाचच ठेवा: संकल्पनाच माहीत नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली, सापळ्यात सापडलो, वेळेच्या भीतीने घाई केली. प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो, म्हणून ही वर्गवारी करायची. संकल्पना नसेल तर धडा पुन्हा वाचा. आकडेमोड चुकत असेल तर पायऱ्या लिहा, मनात करू नका. ‘निष्काळजीपणा’ नावाचा रकाना करू नका. त्या शब्दाआड सगळं दडतं आणि पुन्हा तेच होतं. प्रश्नात ‘किती उरले’ विचारलं होतं आणि तुम्ही ‘किती गेले’ काढलंत, ही वाचनाची चूक आहे. तिचा इलाज म्हणजे काय काढायचं ते आकडेमोडीआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवणं.

शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. ‘नीट वाचायला हवं’ असं लिहू नका, त्याने काही घडत नाही. असं लिहा: ‘प्रश्नात संख्या पूर्णांक असल्याचं सांगितलेलं नसेल, तर अपूर्णांक, ऋण आणि शून्य घालून बघायचं.’ दिसणारी खूण आणि करायची कृती, दोन्ही हवीत.

चुकलेला प्रश्न तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने कोऱ्या कागदावर परत सोडवा. तिन्ही वेळा दोन-अडीच मिनिटांत आला तरच त्याच्यावर काट मारा. उत्तर बरोबर आलं पण खात्री नव्हती, असे प्रश्नही वहीत गेलेच पाहिजेत. नशिबाने मिळालेला गुण परीक्षेच्या दिवशी परत जातो.

आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, वही उलटी चाळा. एकाच जातीची चूक पाचदा दिसली, तर पुढच्या आठवड्याचा अभ्यास तोच.

डेटा इनसाइट्स: परतणाऱ्यांची संधी

नोकरी केलेल्यांना या विभागात नैसर्गिक फायदा आहे, तरी तो शेवटी ढकलला जातो. तक्ते, आलेख, दोन-तीन ईमेल आणि अहवाल एकत्र वाचून निष्कर्ष काढणं, हे तुमचं रोजचंच काम. एकूण स्कोअरचा एक तृतीयांश इथून येतो, म्हणून पाचव्या आठवड्यापासून याला क्वांटइतकाच वेळ द्या.

बरेच प्रश्न दोन किंवा तीन भागांचे असतात आणि सगळे भाग बरोबर आल्याशिवाय गुण मिळत नाही. तीनपैकी दोन विधानं पक्की आणि तिसऱ्यावर तीन मिनिटं घालायची की नाही, हा इथला नेहमीचा पेच. दीड मिनिटात तिसऱ्याचा रस्ता दिसला नाही तर अंदाज करून पुढे जा. तक्ता दिसला की लगेच आकडे वाचत सुटू नका. आधी शीर्षक, एककं आणि अक्षांवरचे आकडे बघा. आकडे हजारांत आहेत की लाखांत, आलेखाचा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही, टक्के कशाचे, हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. वाटा 20 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेला, तर वाढ 5 पर्सेंटेज पॉइंटची (दोन टक्क्यांमधला नुसता फरक) आणि 25 टक्क्यांची. दोन्ही आकडे पर्यायांत बसलेले असतात. कॅल्क्युलेटर मिळतो म्हणून तो दर वेळी उघडू नका, बहुतेक ठिकाणी अंदाज भागवतो आणि माउसने आकडे दाबत बसण्यात वेळ जातो.

याच विभागात डेटा सफिशियन्सी येते, आणि शाळा-कॉलेजात सहसा न भेटणारा हा प्रकार आहे. प्रश्नाखाली दोन विधानं असतात. उत्तर काढायचं नसतं. उत्तर काढण्यापुरती माहिती आहे का, एवढंच सांगायचं. पर्याय नेहमी तेच पाच: फक्त पहिलं पुरेसं, फक्त दुसरं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेसं, कोणतंही एकटं पुरेसं, दोन्ही मिळूनही अपुरं. हे पाच क्रमाने पाठ करा. पहिलं विधान एकट्याने पुरलं तर उत्तर पहिल्या किंवा चौथ्या पर्यायात आहे. नाही पुरलं तर ते दोन्ही बाद. एका पायरीत तुमचं काम निम्म्यावर येतं.

एक नमुना बघा. एन ही सम संख्या आहे का? पहिलं विधान: एनचा वर्ग सम आहे. दुसरं विधान: एनची तिप्पट सम आहे. एन पूर्णांक असल्याचं प्रश्नात दिलं असेल, तर कोणतंही एक विधान पुरतं. दिलं नसेल तर चित्र पालटतं. पहिल्या विधानाला 2 चं वर्गमूळही चालतं, आणि ते सम नाही. दुसऱ्याला दोन तृतीयांशही चालतो, तोही सम नाही. एकेकटं कोणतंच पुरत नाही. दोन्ही एकत्र घेतली, की दुसऱ्यामुळे एन परिमेय ठरतो, पहिल्यामुळे त्याचा वर्ग पूर्णांक, म्हणून एन स्वतः पूर्णांक आणि सम. उत्तर तिसरा पर्याय. एका शब्दाच्या असण्या-नसण्याने उत्तर चौथ्यावरून तिसऱ्यावर आलं. डेटा सफिशियन्सीचे बहुतेक गुण असेच जातात.

आणखी दोन सवयी लावा. दुसरं विधान तपासताना पहिलं हाताने झाका, नाहीतर त्यातली माहिती नकळत सोबत येते. ‘आहे का’ अशा प्रश्नाला ठाम ‘नाही’ मिळत असेल, तर तेही पुरेसंच. ‘नाही’ आलं म्हणून विधान अपुरं ठरवणं ही नवख्यांची अगदी ठरलेली चूक आहे.

व्हर्बल

इथे दोनच प्रकार: उतारा वाचून प्रश्न, आणि क्रिटिकल रीझनिंग म्हणजे छोट्या युक्तिवादाची चिकित्सा. व्याकरणाचे नियम पाठ करायची गरज उरलेली नाही.

ऑफिसात आपण वाचत नाही, चाळतो. उताऱ्यांसाठी ती सवय उलटवायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यापासून रोज अर्धा तास विज्ञान, अर्थकारण, इतिहास यांवरचे लांब, दाट इंग्रजी लेख वाचा, आवडता विषय नसला तरी, किंबहुना नसेल तर जास्तच. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून तो कशासाठी लिहिला ते चार-पाच शब्दांत लिहा. काय लिहिलं यापेक्षा कशासाठी लिहिलं, हे महत्त्वाचं. परीक्षेत उतारा स्क्रीनवर राहतो, तपशील लक्षात ठेवायचे नसतात. तपशील कुठे आहे एवढं ठाऊक असलं की झालं. पहिल्या वाचनाला अडीच ते तीन मिनिटं द्यायला घाबरू नका.

क्रिटिकल रीझनिंगमध्ये अनुभवी माणसाचं ज्ञानच आड येतं. समजा युक्तिवाद असा: एका कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, वर्षभरात आजारपणाच्या रजा निम्म्यावर आल्या, म्हणजे घरून काम केल्याने कर्मचाऱ्यांची तब्येत सुधारली. हा युक्तिवाद कोणत्या माहितीने कमकुवत होतो? मनुष्यबळ विभागात काम केलेला माणूस आपल्या अनुभवातल्या दहा गोष्टी आठवतो आणि त्यांच्या जवळचा पर्याय उचलतो. तसं न करता आधी निष्कर्ष शोधा: तब्येत सुधारली. मग पुरावा: रजा कमी झाल्या. आता मधली फट: रजा कमी म्हणजे आजार कमी, असं गृहीत धरलंय. हे लिहून झाल्यावरच पर्याय वाचा. ‘पूर्वी साध्या सर्दीला रजा टाकणारे आता घरून काम करत राहतात’ हा पर्याय थेट फटीवर बोट ठेवतो. ‘काहींना घरून काम आवडत नाही’ याचा निष्कर्षाशी संबंध नाही. ‘दुसऱ्या एका कंपनीत रजा कमी झाल्या नाहीत’ हे मोहात पाडतं, पण या कंपनीतल्या रजा का घटल्या याचं ते उत्तर देत नाही.

गृहीतक विचारलं असेल तर पर्याय उलटा करून बघा. उलटा केल्यावर निष्कर्ष कोसळला, तर ते गृहीतक. निष्कर्ष काढायला सांगितला असेल तर ‘सर्व’, ‘कधीच’, ‘एकमेव’ असे जहाल शब्द असलेल्या पर्यायांकडे संशयाने बघा, आणि सौम्य, नीरस वाटणारा पर्याय दोनदा वाचा.

घड्याळ

सातव्या आठवड्यापासून प्रत्येक सराव घड्याळ लावून. क्वांटमध्ये एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटांना थोडा कमी वेळ मिळतो, व्हर्बलमध्ये जेमतेम दोन मिनिटं, डेटा इनसाइट्समध्ये सव्वादोन. पण प्रत्येक प्रश्नाकडे घड्याळ बघितलं तर डोकं चालत नाही. टप्पे ठरवा. क्वांटमध्ये 7 प्रश्न झाले तेव्हा 30 मिनिटं उरलेली असावीत, 14 झाले तेव्हा 15. व्हर्बलमध्ये 8 नंतर 29, 16 नंतर 14. डेटा इनसाइट्समध्ये 10 नंतर साडेबावीस. टप्प्यावर दोन मिनिटांहून जास्त मागे असाल, तर पुढचा जो प्रश्न अवघड दिसेल तो तिथल्या तिथे अंदाजाने सोडा आणि वेळ भरून काढा. पाच प्रश्न थोडे थोडे घाईत करण्यापेक्षा एक पूर्ण सोडणं स्वस्त पडतं.

संगणक तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-अवघड करतो. चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत, पण विभाग अपुरा राहिला तर दंड बसतो. त्यामुळे शेवटच्या मिनिटात उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायचंच. अवघड प्रश्न सगळ्यांचेच चुकतात आणि त्याने फारसं बिघडत नाही. सोपा प्रश्न चुकणं महागात जातं. अवघडावरून वाचवलेला वेळ सोपा तपासायला वापरा.

उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मात्र प्रश्नाला बुकमार्क करता येतो. विभाग संपल्यावर वेळ उरला तर मागे जाऊन एका विभागात जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. म्हणून दहा-दहा बुकमार्क लावत सुटू नका. ‘आणखी चाळीस सेकंद मिळाले तर नक्की येईल’ असे प्रश्नच बुकमार्क करा. ज्याचा ठाव लागला नाही त्याला शेवटीही लागणार नाही.

सोडायची सवय मुद्दाम लावावी लागते. आठवड्यातून एकदा 21 प्रश्नांचा संच घ्या आणि त्यातले तीन सोडायचेच, असा नियम करा. कोणते तीन, हे प्रत्येक प्रश्न वाचल्यापासून तीस-चाळीस सेकंदांत ठरवायचं. मग तपासा: सोडलेले खरंच अवघड होते का? ही निवड सुधारली की स्कोअर हलतो, कधी कधी एकही नवी संकल्पना न शिकता.

शेवटचे पाच आठवडे

आठवड्याला एक मॉक, त्याहून जास्त नाही. मॉक मोजते, शिकवत नाही. शिकायचं ते दुसऱ्या दिवशीच्या तीन तासांच्या तपासणीत. खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच बसा, फोन दुसऱ्या खोलीत, विभागांचा क्रम तोच, सुट्टी दहा मिनिटांचीच. क्रम ठरवायला दोन-तीन मॉकमध्ये फेरफार करून बघा. साधारणपणे ज्याला सर्वांत ताजं डोकं लागतं तो विभाग आधी आणि भरवशाचा शेवटी. एकदा ठरलं की बदलू नका.

मॉकचे स्कोअर वर-खाली होतात. एका मॉकमध्ये 30-40 गुण घसरले म्हणून अभ्यासाची पद्धत बदलू नका, लागोपाठच्या तीन मॉकचा कल बघा. शेवटच्या दोन अधिकृत मॉक लक्ष्याच्या आसपास आल्या तर परीक्षेला बसा. त्या लक्ष्याच्या बऱ्याच खाली असतील तर तारीख पुढे ढकला, चमत्काराची वाट बघू नका. शेवटची मॉक परीक्षेच्या पाच-सहा दिवस आधी. त्यानंतर नवे प्रश्न नकोत, चुकांची वही आणि झोप. आदल्या दिवशी रजा मिळाली तर घ्या.

नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षराअक्षराने जुळायला हवं, लग्नानंतर नाव बदललेल्यांनी हे आधीच तपासावं. पासपोर्टची मुदतही बघा. परीक्षा केंद्रावर लिहायला मिटवता येणारी पाटीवजा वही आणि मार्कर मिळतो. घरी सरावालाही तसंच काही वापरा, कारण मार्करने लिहिताना अक्षर मोठं होतं आणि मांडणी विस्कटते. सुट्टीवरून परतायला उशीर झाला तर तो वेळ पुढच्या विभागातून कापला जातो, म्हणून आठव्या मिनिटाला उठा.

परीक्षा संपताच अनधिकृत स्कोअर स्क्रीनवर दिसतो. कोणत्या स्कूलला कोणता स्कोअर पाठवायचा ते तुम्ही स्कोअर बघून ठरवता, त्यामुळे पहिला प्रयत्न फसला तरी तो कोणाला दाखवावा लागत नाही. त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, वहीत लिहून ठेवा: कुठल्या विभागात वेळ कमी पडला, कोणत्या टप्प्यावर मागे होतो, कोणत्या प्रकारापुढे गांगरलो. स्कोअर शेवटच्या मॉकपेक्षा बराच कमी असेल तर बहुधा अडचण वेळेची किंवा झोपेची असते, आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरा प्रयत्न करणं योग्य. मॉकइतकाच आला आणि तो पुरेसा नसेल, तर सोळा दिवसांनी घाईत पुन्हा बसून काही बदलणार नाही. मागे पडलेल्या विभागावर सहा ते आठ आठवडे काम करा आणि मग तारीख घ्या. लक्ष्याच्या 10-20 गुण खाली असाल आणि अर्जाची तारीख जवळ आली असेल, तर तो वेळ निबंधांना द्या.